जुनी जीप: आवाज कधी येतो ते विचारा

नांदूरघाटहून केजला निघालेली जुनी महिंद्रा जीप आवाज करू लागली, की आतले चौघे चार जागा दाखवतात. चेसिसमधून आवाज कुठल्या कुठे पोचतो, त्यामुळे कान जागेबाबत हमखास फसतो. वेळेबाबत मात्र सहसा नाही. म्हणून जाणता मिस्त्री ‘कुठून येतो’ हे नंतर विचारतो, आधी ‘कधी येतो’.

महिंद्राने विलीजच्या जिपांची जुळणी १९४०च्या दशकाच्या अखेरीस सुरू केली. पुढच्या सीजे-३बी घराण्यातल्या गाड्याही तशाच साध्या: चारही चाकांना ड्रम ब्रेक, पुढेमागे पाटे. दोष शोधायला बऱ्याचदा कान आणि पाय पुरतात.

उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये रेस द्या. आवाज आला आणि क्लच दाबल्यावर बदलला, तर क्लच-गिअरबॉक्स बघा, नाहीतर इंजिन. चालतानाच येत असेल तर सपाट, मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन न्यूट्रल करा. (घाटात हा प्रयोग अजिबात नको.) इंजिन मंदावूनही घरघर तशीच राहिली तर चाकाचं बेअरिंग. डाव्या वळणावर ती वाढली तर संशय उजव्या चाकावर, कारण भार तिकडे जातो. अ‍ॅक्सिलरेटर दाबता-सोडता सूर बदलला तर डिफरन्शियल. क्लच सोडताना एकच ‘खट्’ झालं तर बहुधा शाफ्टचा क्रॉस.

पुढचं चाक जॅकवर उचला, वरून-खालून धरून हलवा. खेळ लागला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग सैल. तसाच राहिला तर किंगपिन झिजलेला. पाच मिनिटांचं काम, पण ते टाळून उगाच बेअरिंग बदलणारे पुष्कळ आहेत.

ब्रेकचं दुखणं पायाला कळतं. पेडल खोल जातं पण दोनतीनदा मारल्यावर वर येतं, तर शू अ‍ॅडजस्ट करायला झालेत. स्पंजासारखं लागतं, तर लाइनमध्ये हवा. दाबून धरलेलं पेडल सावकाश बुडतं आणि कुठेच गळती नाही, तर मास्टर सिलिंडरचे वॉशर गेले. हे हलक्यात घेऊ नका: जुन्या जिपेत ब्रेकचं सर्किट एकच, एका चाकाची गळतीसुद्धा चारही चाकांचा ब्रेक घालवते. हँडब्रेक तेवढा वेगळा, ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर धरणारा.

ब्रेक मारताना गाडी डावीकडे ओढते, तेव्हा डावा ड्रम उघडायची घाई होते. डावा बहुतेक वेळा आपलं काम चोख करत असतो. उजव्याच्या लायनरवर ग्रीस आलेलं असतं किंवा त्याचा सिलिंडर जाम असतो. ड्रम उघडल्यावर धूळ हवा मारून उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. ओल्या फडक्याने पुसा.

राहिला धरून बसणारा ब्रेक. पेडलला थोडा मोकळा खेळ आहे ना, ते आधी बघा. मग सपाटीवर बाकीच्या चाकांना दगड लावून अडकलेलं चाक उचला, त्याचा ब्लीडर निपल किंचित ढिला करा. चाक सुटलं नाही, तर शू किंवा स्प्रिंग अडकलंय. सुटलं, तर दाब लाइनमध्ये कोंडला होता. निपल बंद करून पुन्हा ब्रेक मारा आणि आता मास्टर सिलिंडरपाशी पाइप ढिला करा. इथे सुटलं तर मास्टर सिलिंडरचं परतीचं बारीक छिद्र बुजलेलं असणार. नाही सुटलं तर रबरी होज आतून सुजलाय, बाहेरून कितीही नवा दिसो. तो बदला, हवा काढा आणि मगच गाडी रस्त्यावर घ्या.