मीटरला न दिसणारं मीठ

पलूस तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या काळ्या रानात उन्हाळ्यात बांधाच्या कडेनं पांढरा थर दिसतो. ‘मीठ फुटलंय’, म्हणतात लोक. उसाला पाटानं सोडलेलं भरमसाट पाणी, चिकण माती आणि निचऱ्याला वाट नाही. मग खालचं पाणी वर चढतं, त्याची वाफ होते आणि क्षार मागं राहतात. जमीन क्षारपड झाल्याची हळहळ सगळे करतात. तेच क्षार झिरपून विहिरी-बोअरात उतरतात, ते मात्र स्वयंपाकघरात कळतं.

सवळ पाण्यात तुरीची डाळ कितीही शिट्ट्या दिल्या तरी बोटाला कणीदार लागते. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं, म्हणून दाणा फुटत नाही. चिमूटभर खायचा सोडा टाकला की ही पकड सुटते. आपल्या आज्यांनी रसायनशास्त्र न शिकता हे जोखलं होतं.

असं जड पाणी म्हणजे वाईट पाणी नव्हे. काळ्या पाषाणातून झिरपताना ते कॅल्शियम घेऊन येणारच, आणि ते शरीराला लागतंही. मुतखड्याचं खापर सरसकट या पाण्यावर फोडलं जातं. भर उन्हात राबून पाणी कमी पिणं हे त्याहून मोठं कारण आहे.

गोची टीडीएसच्या, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांच्या, आकड्यात आहे. विक्रेता ग्लासात मीटर बुडवतो, आकडा चढतो, गिऱ्हाईक घाबरतं आणि क्षार गाळणारं आरओ यंत्र खपतं. भारतीय मानकात लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत पाणी उत्तम, दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालतं. पण मीटर फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते मोजून क्षारांचा अंदाज बांधतो; क्षार कुठला, हे त्याला कळत नाही. खरा धोका नायट्रेटचा. युरिया आणि शोषखड्ड्यांतून ते भूजलात मिसळतं. त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम, आणि तिला सवलत नाही. बाटलीच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद ते घटवतं. पाणी उकळलं तर कॅल्शियमची पापडी तळाशी बसते. नायट्रेट जात नाही, पाणी आटतं तसं उलट दाट होतं.

नदीतून नळाला येणारं पाणी सहसा क्षारांत सौम्य असतं. त्याला क्लोरीन हवं, आरओ नव्हे. 500 च्या आत टीडीएस असेल तिथं आरओवर बंदी घालावी, असं राष्ट्रीय हरित लवादानंही 2019 मध्ये सांगितलं होतं.

बोअरचं पाणी पीत असाल, तर मोटार थोडा वेळ चालू ठेवून, बाटली त्याच पाण्यानं विसळून नमुना भरा. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा तो प्रयोगशाळेत द्या, आणि नायट्रेट, फ्लोराइड, कठीणपणा यांचे आकडे वेगवेगळे मागा.