वऱ्हाडचा नामधारी धनी

दिवाळीच्या सुमारास अकोल्याहून तेल्हाऱ्याच्या बाजूला निघालेल्या माणसाला अडगावच्या आसपासची काळी, भेगाळू लागलेली जमीन आणि तिच्यावर उमललेली कपाशीची बोंडे पाहून, याच मैदानात 29 नोव्हेंबर 1803 रोजी नागपूरकर भोसल्यांची फौज आर्थर वेलस्लीच्या तोफांपुढे मोडली आणि त्यासरशी साऱ्या वऱ्हाडाचे धनीपण पालटले, ही गोष्ट सहसा आठवत नाही. त्यानंतर पंधरा-सोळा दिवसांत गाविलगड पडला, देवगावचा तह झाला, आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा जो मुलूख तोवर निजाम व भोसले यांच्या दुअंमलाखाली, म्हणजे दोन सरकारांना वसूल देत, पिचत पडला होता, तो एकट्या निजामाच्या पदरी आला.

पन्नास वर्षे हे धनीपण खरे होते. पुढची पंचाण्णव वर्षे ते नावापुरते राहिले, आणि याच नावापुरत्या धनीपणाची हकीकत मला येथे सांगावयाची आहे. कारण ज्याच्या हाती वसूल नाही, फौज नाही, कोर्टकचेरी नाही, अशा राजाचे राजेपण नेमके कशात उरते, या प्रश्नाचे उत्तर शोधावयास आपल्याला साता समुद्रांपलीकडे जाण्याचे कारण नाही.

हैदराबाद कंटिन्जंट या नावाची फौज इंग्रजांच्या हुकमतीत आणि निजामाच्या खर्चाने चालत असे. तिचा पगार तुंबला, कंपनीचे कर्ज साचले, आणि 21 मे 1853 रोजी झालेल्या तहनाम्याने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे जिल्हे कंपनीच्या कारभाराखाली गेले. 1860 साली 50 लाखांचे कर्ज माफ झाले, धाराशिव व रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मात्र फौजेच्या खर्चासाठी ठेव म्हणून इंग्रजांकडेच राहिले. मुलूख निजामाचा आणि अंमल रेसिडेंटाचा अशी ही व्यवस्था होती. तिचे सरकारी नावही तसेच जोडणीचे, ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’. दिवाण सालारजंग वऱ्हाड परत मिळावे म्हणून हयातभर झटले. परंतु अमेरिकेतील यादवी युद्धाने कापसाचा भाव चढविला होता, आगगाडी अमरावती-अकोल्यापर्यंत पोहोचली होती, आणि ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण इंग्रजांनाही पुरती उमगली होती.

1902 साली लॉर्ड कर्झनने हा प्रश्न कायमचा मिटविला. वर्षाला 25 लाख रुपये घेऊन निजाम मीर महबूब अली खान यांनी वऱ्हाड निरवधी पट्ट्याने दिले. बदल्यात त्यांचे सार्वभौमत्व कागदावर पुनश्च मान्य झाले. दुसऱ्याच वर्षी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडण्यात आले. जमिनीचा मालक खंड घेऊन दूर बसतो आणि कुळाच्या हातून जमीन कधीच सुटत नाही, हा शेतकऱ्याच्या अनुभवातला व्यवहार येथे एका अख्ख्या प्रांताला लागू झाला होता. फरक इतकाच की या करारातले कूळ मालकाहून बलाढ्य होते.

कागदावरचे हे सार्वभौमत्व निर्जीव होते असे मात्र कोणी समजू नये. 1897 साली अमरावतीस राष्ट्रीय सभेचे अधिवेशन शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली भरले, दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष होते. ब्रिटिश राज्यकर्त्यांपुढे गाऱ्हाणी मांडणारी ती सभा ज्या भूमीवर भरली, ती कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात मोडतच नव्हती. पुढे मध्यप्रांताच्या कायदे कौन्सिलाची निवडणूक आली. अकोल्याचा मतदार रांगेत उभा राहून मत देई, उमेदवार निवडून येई, गुलाल उधळला जाई. पण परकीय मुलुखातून निवडून आलेला मनुष्य सभासद कसा व्हावा, ही अडचण दूर करण्यासाठी त्या निवडून आलेल्या माणसाची सरकार पुन्हा नेमणूक करी. लोकांनी दिलेला अधिकार लोकांच्या नावाने पुरा होत नसे, तो ज्या राजाला त्यांनी कधी पाहिलेही नाही त्याच्या नावापाशी अडे, ही गोष्ट मला आजही बोचते.

मीर उस्मान अली खान यांनी 1923 साली वऱ्हाड परत मागितले. त्यावर 27 मार्च 1926 रोजी लॉर्ड रीडिंगने धाडलेला खलिता प्रसिद्धच आहे: हिंदुस्थानात ब्रिटिश तख्ताचे सार्वभौमत्व सर्वश्रेष्ठ असून कोणत्याही संस्थानिकाला त्याच्याशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाट करता येणार नाही, हा त्याचा आशय. मुलूख नाकारला, आणि दहा वर्षांनी, 1936 च्या ऑक्टोबरात, मान भरभरून दिला. वऱ्हाडात युनियन जॅकबरोबर निजामाचे निशाण फडकावे, मशिदींतून त्यांच्या नावाचा खुतबा पढला जावा, त्यांना येथे दरबार भरविता यावा, नागपूरच्या सरकारपाशी त्यांचा वकील असावा, आणि त्यांच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणावे, असे ठरले. वेल्सचा युवराज इंग्लंडास, तसा वऱ्हाडचा युवराज हैदराबादेस.

ऑगस्ट 1947 मध्ये इंग्रजांचे अधिराज्य संपताच वऱ्हाड मूळ धन्याकडे परत यावे, असा दावा हैदराबादेने केला आणि कायद्याच्या अक्षराने पाहता तो पोकळ नव्हता. परंतु त्याच महिन्याच्या 8 तारखेला वऱ्हाड-नागपूरचे व पश्चिम महाराष्ट्राचे पुढारी अकोल्यास जमून संयुक्त महाराष्ट्रात महाविदर्भाचे स्थान काय असावे याचा करार करीत होते. निजामाचा प्रश्न त्यांच्या लेखी शिल्लकच नव्हता. वऱ्हाडच्या भवितव्याचा विचार वऱ्हाडातल्या माणसांनी वऱ्हाडात बसून करावा, असा योग 1803 पासूनच्या कोणत्याही तहात आला नव्हता. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबादेचाच निकाल लागला.

त्यानंतर सात महिन्यांनी, एप्रिल 1949 मध्ये, लंडनच्या जाहीरनाम्याने नामधारी राजाचा एक निराळा प्रकार जगापुढे ठेवला. प्रजासत्ताक होऊ घातलेल्या भारताने ब्रिटिश राजाला राष्ट्रकुलाचा प्रमुख मानले. स्वतंत्र राष्ट्रांच्या स्वेच्छेने झालेल्या सहवासाचे तो प्रतीक, एवढेच त्याचे स्थान, निष्ठेची शपथ नाही. कॅनडा-ऑस्ट्रेलियासारख्या देशांत तो आजही राजा आहे, पण तेथील गव्हर्नर जनरल तेथल्याच पंतप्रधानाच्या सल्ल्याने नेमला जातो. आणि बार्बाडोसला 30 नोव्हेंबर 2021 रोजी तेही नकोसे झाले, तेव्हा युवराज चार्ल्स यांच्या समक्ष राजपद शांतपणे उतरविण्यात आले. वऱ्हाडच्या निशाणाला ही मुभा कधी नव्हती. ते चढविताना रयतेला कोणी पुसले नाही.

प्रिन्स ऑफ बेरार आझम जाह यांचा विवाह 1931 साली फ्रान्समधील नीस येथे शेवटचे उस्मानी खलिफा अब्दुल मजीद यांच्या कन्येशी, दुर्रूशेहवार यांच्याशी झाला होता. प्रिन्सेस ऑफ बेरार ही पदवी त्यांच्या नावामागे अखेरपर्यंत राहिली. 2006 साली लंडनमध्ये त्यांचे देहावसान झाले तेव्हा, ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ या प्रांताचे नाव मध्य प्रदेश होऊन वऱ्हाड हा शब्द सरकारी नामावलीतून गेल्याला छप्पन्न वर्षे लोटली होती.