हैदराबाद संस्थानातील फुटबॉल

हैदराबाद संस्थानात, आणि १९४८ नंतर हैदराबाद राज्यात, रुजलेला फुटबॉल हा भारतीय फुटबॉलमधील एक प्रभावी प्रवाह मानला जातो. नांदेड जिल्हा आणि तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेले लातूर ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत याच राज्याचे भाग होते.

विद्यार्थ्यांचा संघ

या परंपरेतील मध्यवर्ती नाव सय्यद अब्दुल रहीम (१९०९–१९६३) यांचे. उस्मानिया विद्यापीठात शिकत असताना ते 'इलेव्हन हंटर्स' या संघातून खेळत. विद्यापीठाचे विद्यार्थी आणि सिटी कॉलेजचे माजी विद्यार्थी यांचा हा संघ होता. पुढे त्यांनी शिक्षकी पेशा पत्करला. काचीगुडा येथील शाळेतही ते शिकवत. नांदेडकरांना हे नाव मनमाड–काचीगुडा रेल्वेमार्गामुळे परिचित आहे. खेळाडूंसाठी ते 'रहीमसाहेब' होते.

रहीम यांच्या शिकवण्याविषयी अनेक किस्से प्रचलित आहेत. चेंडू पायात घोळवत नेण्यास बंदी असलेल्या स्पर्धा ते भरवत. काही सामने खेळाडूंना केवळ आपल्या कमजोर पायाने खेळावे लागत. हा नुसता लहरीपणा नव्हता. त्या काळी वैयक्तिक कौशल्यालाच प्रेक्षकांची दाद मिळे. चेंडू घोळवण्याची मुभा नसली, की पहिल्याच स्पर्शात सहकाऱ्याकडे पास देण्याची सवय आपोआप लागे.

सिटी पोलीस

१९३९ मध्ये स्थापन झालेला हैदराबाद सिटी पोलीस संघ पूर्वी 'सिटी अफगाण' या नावाने ओळखला जाई. १९४३ मध्ये बंगळूरच्या ॲश सुवर्णचषकात या संघाने ब्रिटिश हवाई दलाच्या संघाला हरवले. प्रतिस्पर्धी संघात डेनिस कॉम्प्टन होते, ही बाब हैदराबादेत आवर्जून सांगितली जाते. कॉम्प्टन यांना आज प्रामुख्याने क्रिकेटपटू म्हणून ओळखले जात असले, तरी ते आर्सेनलचे फुटबॉलपटूही होते.

सर्वाधिक सांगितली जाणारी कथा १९५० च्या ड्युरँड चषकाच्या अंतिम सामन्याची आहे. मोहन बागान २–० ने पुढे होता आणि वेळ संपत आली होती. निकाल लागलाच असे समजून काही प्रेक्षक उठून निघाले होते, असे म्हणतात. पोलीस संघाने अखेरच्या मिनिटांत दोन्ही गोल फेडले. पुन्हा खेळवलेला सामना १–० ने जिंकून चषकही मिळवला. प्रेक्षकांविषयीचा तपशील आख्यायिकेचा असला, तरी धावफलक नोंदलेला आहे. मुंबईच्या रोव्हर्स चषकावर तर या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे नाव कोरले.

रहीम भारतीय संघाचेही प्रशिक्षक होते. १९५१ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान ही त्यांच्या कारकिर्दीतील फळे होत. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या वेळी ते कर्करोगाने आजारी होते. अंतिम सामन्यापूर्वी त्यांनी खेळाडूंकडे सुवर्णपदक भेट म्हणून मागितले, अशी आठवण सांगितली जाते. भारताने दक्षिण कोरियाला २–१ असे हरवले. जून १९६३ मध्ये रहीम यांचे निधन झाले. १९५९ मध्ये आंध्र प्रदेश पोलीस असे नाव मिळालेल्या त्यांच्या जुन्या संघाचा दबदबाही पुढे ओसरला.

मराठवाड्याशी संबंध

हैदराबादने १९५६–५७ आणि १९५७–५८ या लागोपाठच्या हंगामांत संतोष करंडक जिंकला. दोन्ही वेळा अंतिम सामन्यातील प्रतिस्पर्धी मुंबई होती. दुसऱ्या विजयाच्या वेळी राज्यपुनर्रचनेमुळे नांदेड आणि लातूर मुंबई राज्यात गेलेले होते. म्हणजे वर्षभरापूर्वी 'आपला' असलेला संघ कागदोपत्री विरुद्ध बाजूला उभा होता.

महाविद्यालयांचा दुवा आणखी काही काळ टिकला. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये नांदेडला सुरू झालेले पीपल्स कॉलेज प्रारंभी उस्मानिया विद्यापीठाशीच संलग्न होते. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९९४ पासून नांदेड आणि लातूरची महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत आहेत. आंतरविद्यापीठ फुटबॉलमध्ये हे विद्यापीठ पश्चिम विभागातून खेळते, तर उस्मानिया दक्षिण विभागातून.