मोटारीच्या कांचेवरील टवका

अमरावती व अकोला यांना जोडणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, लोणी ते माना या टप्प्यांत, जून २०२२ मध्यें १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीची डांबरी मार्गिका सलग अंथरली गेली व त्या कामाची नोंद गिनीज विश्वविक्रमांत झाली. रस्ता सुधारला, ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु रस्ता गुळगुळीत झाला म्हणजे वेगही वाढतो. आणि वेग दुप्पट झाला कीं पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या गिट्टीच्या आघाताचा जोर सुमारें चौपट होतो. अशा वेळीं मोटारीच्या पुढील कांचेचा लहानसा टवका उडतो, आणि 'एवढ्याशा ठिपक्यानें काय होणार?' असें म्हणून आपण तो विसरून जातों. काय होतें, तें आज पाहूं.

ही कांच एकेरी नसते. दोन कांचांच्या मध्यें प्लास्टिकचा चिवट पापुद्रा दाबून ती बनविलेली असते. त्यामुळें खडा लागला तरी बहुधा बाहेरची कांचच दुखावते, व म्हणूनच तिची दुरुस्ती शक्य होते. बाजूच्या कांचा बहुतेक मोटारींत निराळ्या जातीच्या असतात. त्या फुटल्या कीं त्यांचा चुराच होतो.

टवक्याभोंवतीं केसासारख्या सूक्ष्म भेगा पडतात. ग्रिफिथ या इंग्रज संशोधकानें १९२१ सालीं दाखवून दिलें कीं, कांचेवरील ताण भेगेच्या टोकाशीं एकवटतो. आपल्या वऱ्हाडांत वैशाखांत पारा ४५ अंशांवर चढतो. बाहेरून कांच तापलेली, आंतून वातानुकूलनानें गार झालेली. हा ताण त्या टोकास सहन होत नाहीं व तडा सरकूं लागतो. तापलेल्या कांचेवर थंड पाणी ओतणें म्हणजे तर त्यास आमंत्रणच!

कारागीर प्रथम सैल झालेले कण काढतो. मग टवक्यावर लहान नळी बसवून भेगांतील हवा ओढून घेतो, आणि राळेसारखें पातळ द्रव्य दाबानें आंत भरतो. अतिनील किरणांनीं तें घट्ट होतें. उन्हांतही हे किरण असल्यामुळें भरण्याचें काम सावलींत करावें लागतें. तेल लागलेल्या कागदांतून जसा उजेड दिसूं लागतो, तसेंच येथेंही घडतें. हवेच्या जागीं कांचेच्याच गुणधर्माचें द्रव्य आल्यामुळें चकाकी मावळते. खूण अगदींच पुसली जात नाहीं. परंतु तडा बहुधा पुढें सरकत नाहीं.

म्हणून टवका उडतांच त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावावी. धूळ व पाणी आंत शिरल्यास द्रव्य नीट धरत नाहीं. सामान्यतः रुपयाच्या नाण्याएवढ्या टवक्यापर्यंत ही दुरुस्ती चालते. मात्र तडा कांठापर्यंत गेला असेल, आंतील कांचही दुखावली असेल, किंवा टवका ऐन चालकाच्या दृष्टीसमोर असेल, तर नवी कांचच बसवावी. रात्रीं समोरून येणाऱ्या दिव्यांचा प्रकाश उरलेल्या खुणेवर फांकतो, आणि तेवढ्या क्षणांत रस्त्यावरील पादचारी किंवा बैलगाडी नजरेंतून निसटूं शकते. तेथें पैशाची काटकसर दुसऱ्याच्या जिवावर बेतेल, हें प्रत्येक मोटारधारकानें ध्यानांत ठेवावें.