बैलाचा वास आणि त्सेत्से माशी

बैल कुठेही बांधा, माश्या तिथे हजर होतात. त्यांना बैलाचा पत्ता कोण सांगतो? बैलाचा वासच सांगतो. आफ्रिकेत या वासाने माणसांच्या पोटापाण्याचा प्रश्न सोडवायला मदत केली. ती हकीकत ऐका.

तिकडे त्सेत्से नावाची माशी आहे. घरमाशीहून जराशी मोठी. नर आणि मादी दोघेही रक्तावरच जगतात. आपल्या देशात ही माशी नाही, हे आपले नशीब. तिच्या चावण्याने माणसाला निद्रारोग होतो आणि गुरांना नगाना होतो. नगाना झालेले जनावर खंगत जाते, पुष्कळदा मरते. आपल्याकडचा सर्रा त्याच कुळातला रोग, पण तो गोमाशीसारख्या माश्या पसरवतात. त्सेत्सेच्या मुलखात बैल जगेना. मग नांगर कोण ओढणार? माणसे कुदळीने शेत खणत.

आज ज्याला झिंबाब्वे म्हणतात, त्या देशात १९७० नंतरच्या दशकात ग्लिन व्हेल या शास्त्रज्ञाने एक युक्ती केली. बैल जमिनीखालच्या खड्ड्यात ठेवले. वर छप्पर घातले आणि आतली हवा पंख्याने नळीतून बाहेर सोडली. बैल तर कुणालाच दिसत नव्हते. तरी माश्या नळीच्या तोंडाशी गोळा झाल्या! पुढे त्या वासातली द्रव्ये शोधून काढली. काही श्वासात होती, काही गोमूत्रात. ती आता बाटलीत भरून ठेवता येतात.

आता या माशीच्या लग्नाची गोष्ट. चालत्या बैलामागे नरांचा घोळका फिरत असतो. पोट भरलेले असले तरी फिरतो, कारण रक्त प्यायला मादी तिथेच येणार. बैल म्हणजे त्यांचा लग्नमांडवच म्हणा ना! मादी आली की नर झडप घालतो. तिच्या अंगावर मेणासारखे द्रव्य असते. त्याला स्पर्श झाला की ही आपल्याच जातीची, अशी त्याला खूण पटते. ही खूण दुरून कळत नाही, अंगाला अंग लागावे लागते. मादीचा संग बहुधा एकदाच होतो, तेवढा तिला जन्मभर पुरतो. ती साधारण नऊ-दहा दिवसांनी एकच अळी घालते. डासासारखी शेकड्यांनी अंडी नाहीत.

इथेच माशी सापडली. पिलावळ इतकी थोडी, की रोज शंभरांत चार माद्या मेल्या तरी वंश खुंटू लागतो. म्हणून निळ्या-काळ्या कापडाला कीटकनाशक लावून ते रानात उभे केले आणि शेजारी वासाची बाटली ठेवली. एका चौरस किलोमीटरला अशी चार कापडे पुरली.

झांझिबारच्या उंगुजा बेटावर आणखी पुढची पायरी गाठली. आधी औषधाने माश्या कमी केल्या. मग १९९४ पासून किरणांनी वांझ केलेले नर विमानातून सोडले, ८० लाखांहून जास्त. वांझ नरालाही ती मेणाची खूण पटतेच. पण त्याच्याशी संग झालेल्या मादीला पिलू होत नाही, आणि दुसऱ्या नराला ती सहसा जवळ येऊ देत नाही. १९९६ साली त्या बेटावर शेवटची रानटी त्सेत्से माशी सापडली.