तलावातला मासा कोणाच्या पाटीत?

पाण्याच्या हक्काची गोष्ट निघाली की आपल्या वाचकांना २० मार्च १९२७ चे महाड आठवते. परंतु पाण्यावरचा हक्क केवळ ओंजळभर पिण्यापुरता नाही. पाण्यात जे पिकते त्याचा धनी कोण, हाही त्यातलाच प्रश्न आहे. म्हणून या अंकात आम्ही पूर्व विदर्भातील तलावांच्या मासेमारीकडे वळत आहोत.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा तलावांचा मुलूख. यातील पुष्कळ तलाव कोहळी समाजातील जाणत्या माणसांनी धानाच्या पाण्यासाठी बांधले. बांधणारांची नावे लोक सांगतात. डोक्यावर माती वाहणाऱ्यांची कोण सांगणार? १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. (याच भंडाऱ्यातून १९५४ साली बाबासाहेबांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढविली आणि ते हरले, हे आपल्या तरुणांना ठाऊक असावे.) पुढे मासेमारी ठेक्याने देण्याची पद्धत आली आणि त्यात मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना प्राधान्य मिळाले. येथे जाळे टाकणारा मुख्यतः ढिवर समाज आहे. भटक्या जमातींत मोडणारा हा समाज आपल्या वस्त्यांचा शेजारी आहे.

मग अडते कोठे? बीजापाशी. रोहू, कटला, मृगळ हे मासे तलावात वाढतात, पण बांधलेल्या स्थिर पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळी नदीचे वाहते पाणी लागते. पूर्वी त्यांचे बीज नदीतूनच गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचे प्रजनन घडवून आणले, तेव्हा बीजाचा मार्ग मोकळा झाला. पण बीज विकतच घ्यावे लागते, आणि तेही दरवर्षी. जिरे स्वस्त पडतात म्हणून संस्था तीच सोडतात. मग मरळ आणि इतर शिकारी मासे त्यांचा फडशा पाडतात. बोटुकली, म्हणजे बोटाएवढे पिल्लू, महाग असते, पण जगते. ज्या संस्थेने लहान खड्ड्यात जिरे वाढवून स्वतःची बोटुकली तयार केली, तिचा अर्धा त्रास सरला असे आम्ही समजतो.

ज्यांना ते जमत नाही, ते व्यापाऱ्याकडे जातात. तो पावसाळ्यात बीजाला आणि ठेक्याच्या रकमेला उचल देतो. मग मासा निघाला की तराजू त्याचा आणि भावही त्याचाच. कागदावर ठेका संस्थेचा, पण मासा त्याचा. याला सहकार म्हणायचे काय?

हे बदलू शकते. शेजारच्या मध्य प्रदेशात तवा धरणाने उठविलेल्या गावकऱ्यांच्या तवा मत्स्य संघाला १९९६ साली जलाशयाचा ठेका मिळाला. धरणग्रस्त स्वतः मासे धरू लागले आणि विक्रीही त्यांचा संघच करू लागला. २००१ मध्ये ठेका पुन्हा मिळाला. २००६ च्या अखेरीस तो संपला आणि अभयारण्याच्या निर्बंधांपुढे संघाचे काही चालले नाही. संघ नीट चालत असूनही हक्क गेला, ही गोष्ट आम्हाला अधिक बोचते.

आता एक शंका. पंचशीलातील पहिले शील प्राणिहत्येपासून दूर राहण्याचे आहे, आणि अंगुत्तर निकायात उपासकाने टाळावयाच्या पाच व्यापारांत प्राण्यांचा व मांसाचाही व्यापार सांगितला आहे. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. परंतु ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. ज्याच्या चुलीला तलावावाचून दुसरा आधार नाही, त्याला आम्ही दोष देणार नाही. मात्र पहिल्या पावसात अंड्यांनी भरलेला चढणीचा मासा सरसकट मारणे, पाण्यात विष कालवणे किंवा बारीक जाळ्याने पिल्ले ओढणे ही गरज नव्हे, हाव आहे.

घरोघरी पाटी घेऊन मासे विकणारी बाईच असते. संस्थेच्या सभासद-यादीत मात्र बहुधा तिच्या नवऱ्याचे नाव असते. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर स्त्रियांनी तलावांत माजलेली बेशरम उपटून काढली आणि तेथे देशी पाणवनस्पती लावल्या. अशा वनस्पतींच्या आसऱ्याने गावठी मासा अंडी घालतो, आणि त्याचे बीज विकत आणावे लागत नाही. मरळ तर आपली पिल्ले स्वतः राखते, आणि जिवंत मरळीला बाजारात भावही चांगला येतो.

आपल्यापैकी जे या संस्थांत सभासद आहेत किंवा ज्यांचे शेजारी आहेत, त्यांनी वार्षिक सभेत तीन कागद मागावेत : बीजखरेदीची पावती, ठेका भरल्याची पावती आणि रोजच्या वजनाची वही. तिसरा कागद सहसा सापडत नाही.