प्रवराकाठचा रथ आणि बेनिनचे ओतारी

गंगापूर तालुक्यातील कायगावासमोर, पैलतीरी टोक्यापाशी, प्रवरा गोदावरीस मिळते. स्वातंत्र्य येईपर्यंत हीच गोदावरी येथे निजामाची मोगलाई आणि इंग्रजी मुलूख यांची सरहद्द होती. त्यामुळेच की काय, प्रवरेच्या खोऱ्यात गेल्या पाऊणशे वर्षांत जे उजेडात आले ते आपलेही आहे, ही जाणीव आम्हां गंगापूरकरांत व्हावी तितकी झाली नाही. जोर्व्यास तांब्याच्या कुऱ्हाडी निघाल्या, १९५४ पासून डेक्कन कॉलेजच्या सांकळियांनी नेवासे खणले, १९५८ साली दायमाबादची पांढर संशोधकांच्या नजरेस आली. तथापि या सर्व प्रकरणाचा कळस झाला तो १९७४ मध्ये, जेव्हा दायमाबादेत झुडपाचे मूळ खणणाऱ्या एका भिल्ल शेतकऱ्यास हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ अशी चार भरीव ओतीव शिल्पे, एकूण ६० किलोंहून अधिक वजनाची, सापडली.

रथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांब. सारथी उभा, हाती वाकडी काठी, समोर दांडीवर एक कुत्रा. हे घडविणाऱ्याने बैल स्वतः हाकले असले पाहिजेत, असे मला निश्चित वाटते. परंतु तो कोण, कोणत्या काळचा? शिल्पे शास्त्रीय उत्खननात, थरांच्या हवाल्यासह मिळाली नाहीत, आणि धातूत सोमलाचे प्रमाण, त्या काळच्या वस्तूंत अनपेक्षित असे, १ टक्क्याहून अधिक निघाले. सबब ढवळीकरांसारखे विद्वान ती उत्तर हडप्पाकालीन मानीत असता अग्रवाल या संशोधकांनी त्या प्राचीनत्वाविषयी शंका घेतली.

कर्त्याच्या ओळखीबाबत पश्चिम आफ्रिकेत याहून वेगळे घडले. आजच्या नायजेरियातील, एडो लोकांच्या बेनिनमध्ये ओगुओला राजाने योरुबांच्या इफे नगरीहून इगुएघा नामक ओतारी मागविला, अशी परंपरा आहे. आणि तेथील इगुन नावाच्या ओताऱ्यांच्या पेठेत आजही मेणाची प्रतिमा करून, तीवर माती लिंपून, मेण वितळवून रिकाम्या पोकळीत पितळ ओततात. आपल्याकडे हाच विधी कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लासा’त लिहून ठेवला. १८९७ मध्ये इंग्रजी फौजेने बेनिन उद्ध्वस्त करून हजारो शिल्पे लुटून नेली; इफेची शिल्पे पाहून १९१० मध्ये फ्रोबेनिउस या जर्मन पंडिताने त्यांचे कर्तृत्व बुडालेल्या अटलांटिसच्या पदरी टाकले. १९३८ मध्ये इफेतच, राजवाड्यानजीक घराचा पाया खणताना डझनाहून अधिक धातूची शिरे निघाली, तेव्हा असल्या तर्कांचा आधारच तुटला. लुटीतील २० शिल्पे जर्मनीने २०२२ च्या डिसेंबरात नायजेरियास परत केली; इगुनच्या ओताऱ्यांना मात्र आपला मूळपुरुष कोण, हे कोणत्याही संग्रहालयाकडून शिकावे लागले नाही.

दायमाबादची शिल्पे देशातच राहिली, ती मुंबई-दिल्लीच्या संग्रहालयांत सुरक्षित आहेत. पण त्यांच्या कर्त्याची परंपरा सांगणारी एकही पेठ प्रवरेकाठी उरली नाही, आणि ही हानी मला लुटीइतकीच मोठी वाटते. ती भरून निघणे नाही. तरी वेरूळला सहली नेणाऱ्या आमच्या तालुक्यातील शाळांनी एक सहल दायमाबादच्या पांढरीवरही न्यावी आणि तेथेच मुलांना त्या रथाचे छायाचित्र दाखवावे, एवढी विनंती आहे.